जानुस्तंभ : अभिघात व शस्त्रकर्म यांनंतर आखडणारा गुडघा

झाडीपट्टीतील रुग्ण गुडघ्याला गुडघा म्हणत नाही, टोंगळा म्हणतो. 'टोंगळा दुमडत नाही' असे सांगत दवाखान्यात येणारे पूर्वी बहुधा संधिगतवाताचे वृद्ध असत. आता त्यांच्या शेजारी बाकावर पंचविशी-तिशीचे तरुणही बसलेले दिसतात. कोणी दुचाकीवरून पडलेला असतो, कोणी खाणीत किंवा धानाच्या बांधावर घसरलेला असतो. मांडीचे वा नडगीचे हाड मोडले, चंद्रपूर किंवा नागपूर येथे सळई अथवा पट्टी बसवली गेली, टाके निघाले, हाड सांधले. क्ष-किरण चित्र पाहून शल्यचिकित्सकांनी समाधान व्यक्त केले. रुग्णाचा पाय मात्र काठीसारखा ताठ राहिला. प्रस्तुत लेख या रुग्णांविषयी आहे. व्रण भरला, अस्थी जुळली, पण व्रणवस्तू आवश्यकतेपेक्षा अधिक निर्माण होऊन सांध्याची गती गेली, अशी ही अवस्था असून आधुनिक शास्त्र तिला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणते.

हा विषय आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा का, हे अंशांच्या हिशेबाने चटकन कळते. सरळ पाय शून्य अंश मानला, तर सपाट रस्त्यावर चालण्यास गुडघा सुमारे ६० ते ७० अंश वाकावा लागतो. जिना चढण्या-उतरण्यास ८० ते ९०, खुर्चीतून उठण्यास त्याहून थोडा अधिक. शहरातील रुग्णाचे १०० ते ११० अंशांत बहुतेक भागते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चुलीपुढे बसणे, मोहफुले वेचणे यांस मात्र १३० च्या पुढे जावे लागते. तेंदूपाने तोडणारी स्त्री पहाटे रानात जाते ती उभ्याने व वाकून पाने तोडते. परंतु घरी आल्यावर ७० पानांचा एकेक पुडा बांधण्यासाठी ती तासन् तास जमिनीवर बसते. तिचा गुडघा ९५ अंशांवर थांबला, तर शस्त्रकर्माच्या कागदावर ते यश असते आणि तिच्या घरात तो हंगाम बुडालेला असतो. शौचाला बसण्याची अडचण तर स्त्रिया सांगतही नाहीत. ती विचारावी लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. सिरोंचा ते गडचिरोली हेच अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. नागपूर त्याही पुढे. शस्त्रकर्मानंतर आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपीला या, असे कागदावर लिहून दिले जाते, आणि भामरागडचा वा एटापल्लीचा रुग्ण तो कागद जपून ठेवतो, एवढेच. गुडघा सुटण्याचा किंवा कायमचा अडकण्याचा निर्णय ज्या सहा ते बारा आठवड्यांत होतो, त्या काळात त्याच्या आवाक्यात असलेला चिकित्सक म्हणजे गावातील किंवा तालुक्यातील वैद्य. म्हणून आपले हात काय करतात व काय करीत नाहीत, याला येथे फार मोल आहे.

मर्मविचार

सुश्रुताचार्यांनी जानुसंधीची गणना कोर संधींत केली आहे. जानु हे संधिमर्म असून वैकल्यकर, त्र्यंगुलप्रमाण, आणि त्याच्या अभिघाताचे फल खंजता, हे आपण सर्वांनी पाठ केलेले असते. परंतु या विषयात मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते आणिमर्म. जानूच्या वर तीन अंगुलांवर दोन्ही बाजूंस असलेले हे स्नायुमर्म. त्याच्या विद्धतेची लक्षणे आचार्यांनी दोनच दिली आहेत : शोथ वाढत जाणे आणि सक्थी स्तब्ध होणे. गुडघ्यावर शस्त्रकर्म झालेल्या रुग्णाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील अवस्था इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले तर याच प्रदेशात, वाटीच्या वर, संधिकलेची एक पिशवी असते. पाय सरळ असताना तिच्या भिंती एकमेकींवर दुमडलेल्या असतात. गुडघा वाकू लागला की ती उलगडते आणि वाटीला खाली सरकू देते. सांध्यात रक्त साचले, सूज राहिली आणि पाय सरळ बांधून ठेवला, तर या दुमडलेल्या भिंती परस्परांना चिकटतात. मग पिशवी उलगडत नाही व वाटी सरकत नाही. सुश्रुताचार्यांनी ही पिशवी पाहिली होती असा दावा मी करणार नाही. असले दावे करण्याची आपल्या मासिकांतील हौस आता पुरे. त्यांनी रुग्ण पाहिले होते आणि स्थान अचूक नोंदवले होते, इतके मान्य केले तरी पुष्कळ आहे.

संप्राप्ती

अभिघात वा शस्त्रकर्म झाले की रक्तस्राव व शोथ होतो. त्या ठिकाणी तंतुजनक पेशी जमतात. टीजीएफ-बीटा या संदेशवाहक द्रव्याच्या प्रभावाने त्यांपैकी काही पेशी स्नायूप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या बनतात व कोलाजनचे जाळे विणून जखमेच्या कडा ओढून घेतात. काम संपले की या पेशींनी नष्ट व्हावे, हा प्रकृतिक्रम. काही रुग्णांत त्या नष्ट होत नाहीत. विणकाम चालूच राहते, जाळे आवळत जाते, आणि प्रत्येक नव्या शोथाबरोबर त्यांना नवे निमित्त मिळते. दीर्घकाळ स्थिर बांधून ठेवणे, जंतुसंसर्ग, अनियंत्रित वेदना आणि शस्त्रकर्मापूर्वीच गुडघा आखडलेला असणे, ही या व्याधीची ठळक निमित्ते होत.

सर्व जानुस्तंभ एकाच ठिकाणी घडत नाही. वर सांगितलेल्या पिशवीतील चिकटण्याने गुडघा वाकत नाही. मांडीच्या खालच्या टोकाचे हाड मोडले असेल, तर पुढचा मोठा स्नायू हाडाच्या नव्या गाठीलाच चिकटतो; थॉम्प्सन यांनी १९४४ मध्ये वर्णन केलेले स्नायू मोकळा करण्याचे शस्त्रकर्म याच अवस्थेसाठी आहे. वाटीखालील मेदाची गादी घट्ट झाली, तर वाटी खाली ओढली जाते व वाकणे आणि सरळ होणे दोन्ही बिघडते. १९८७ मध्ये पाउलोस व सहकाऱ्यांनी ही अवस्था स्वतंत्रपणे मांडली. अस्थिबंधाच्या पुनर्रचनेनंतर सांध्याच्या मध्यभागी तंतूंची एक गाठ होऊन पाय शेवटच्या काही अंशांत सरळ होत नाही. दुर्बिणीतून ती एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यासारखी दिसते, म्हणून जॅक्सन व शेफर यांनी १९९० मध्ये तिला सायक्लॉप्स हे नाव दिले.

आयुर्वेदीय परिभाषेत माझे अनुमान असे आहे. आरंभी रक्त-पित्तप्रधान शोथ. पुढे त्याच ठिकाणी कफाने मांस-स्नायूंचा अस्थानी उपचय. आणि अखेरीस वाताने रौक्ष्य, संकोच व स्तंभ. वाग्भटाचार्यांनी नऊ ग्रंथींत व्रणग्रंथी सांगितला आहे, व त्यात वात हा न वाहिलेल्या रक्ताला शुष्क करून ग्रंथी उत्पन्न करतो, हा विचार येथे मार्गदर्शक आहे. पण तो त्वचा-मांसगत ग्रंथी आहे, हे विसरू नये. षष्टी उपक्रमांतील अवसादन, मृदुकर्म व क्षारकर्म बाह्य व्रणवस्तूला लागू पडतात. संधीच्या आत विणलेल्या जाळ्यापर्यंत कोणताही लेप पोहोचत नाही.

या अवस्थाभेदाचा चिकित्सेत सरळ उपयोग आहे. पहिल्या अवस्थेत गुडघा उष्ण, सुजलेला असतो. त्या वेळी स्निग्ध-उष्ण उपचार व जोराचे मर्दन केल्यास शोथ वाढतो आणि वाढलेला शोथ आणखी तंतू निर्माण करतो. माझ्या पाहण्यातील बिघडलेले कित्येक गुडघे दुर्लक्षाने बिघडलेले नव्हते. उत्साही चोळण्याने बिघडले होते.

परीक्षण

गती मोजल्याशिवाय चिकित्सा सुरू करू नये. साधे कोनमापक अल्प किमतीत मिळते. ते नसेल तर रुग्णास पालथे निजवून टाच व नितंब यांतील अंतर फीतपट्टीने मोजावे व निरोगी पायाशी तुलना करून दर आठवड्यास नोंदवावे. रुग्णाने स्वतः केलेली व आपण केलेली गती वेगवेगळी लिहावी. गतीच्या शेवटी हाताला काय जाणवते, तेही लिहावे : लवचीक अडथळा सुटण्याची आशा दाखवतो, लाकडासारखा कठीण अडथळा निराळे सांगतो. त्यानंतर वाटी दोन बोटांत धरून वर-खाली व आजूबाजूस हलवून पाहावी. वाटी हलत नसेल, तर नुसता पाय वाकवण्याचा खटाटोप व्यर्थ असतो.

रुग्ण वाकत नसल्याची तक्रार करतो. सरळ होत नसल्याची करीत नाही. वैद्याने मात्र आधी सरळ होण्याकडे पाहावे. दहा अंश वाकलेल्या गुडघ्यावर चालणाऱ्याचा मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला राबतो आणि लवकर थकतो. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली सैल सोडणे, हा दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटे करावयाचा उपाय फुकट आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

आपल्या भागात आणखी एक परीक्षण टाळता येत नाही, ते सिकलसेलचे. चंद्रपूर-गडचिरोलीत हा रक्तदोष सर्वत्र आढळतो. अशा रुग्णांत ऊर्वस्थीच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मृत होतो व त्याची वेदना पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते. म्हणून प्रत्येक टोंगळा पाहताना खुबा फिरवून पाहावा. सिकलसेलच्या रुग्णास ताप व हाडाची वेदना असल्यास अस्थीतील जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. तेथे स्वेदनाचा विचारही करू नये. सोल्युबिलिटी चाचणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते, ती आधी करून घ्यावी.

चिकित्साक्रम

भग्नचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी बंध शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलण्यास सांगितले आहे. शिथिल बंधाने संधी स्थिर होत नाही व गाढ बंधाने शोथ, रुजा व पाक होतो, हा इशाराही दिला आहे. गावोगावचे हाडवैद्य आजही बांबूच्या कांबी आणि सालींचा लेप वापरतात. वंश हा कुशांच्या यादीतीलच आहे. त्यांचा हात अनेकदा चांगला असतो. पण दीड-दोन महिने बंध न सोडण्याची रीत मात्र शास्त्राविरुद्ध आहे. वारंवार बंध बदलणे म्हणजे वारंवार पाहणे, आणि पाहणाऱ्यालाच थंड पडलेली, काळवंडलेली बोटे वेळेत दिसतात.

भग्नरुग्णास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, मग हालचाल कशी द्यावी, असा आक्षेप वैद्यबंधू घेतात. शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म ते व्यायाम, ही व्याख्या लक्षात घेतली तर विरोध उरत नाही. हाताच्या तळव्याच्या भग्नात त्याच अध्यायात आधी मातीचा गोळा, मग सैंधवाचा खडा व बल आल्यावर पाषाण धरावयास सांगितले आहे. क्रमाने भार वाढवण्याचा याहून स्पष्ट उपदेश कोणता? गुडघ्यासाठी हाच क्रम असा : बंध असतानाच मांडीचा स्नायू आवळून सोडणे, शल्यचिकित्सकाची अनुज्ञा मिळताच वाटी हलवणे व टाच अंथरुणावर मागे सरकवणे, मग खाटेच्या कडेला बसून पाय लोंबकळत सोडणे, शेवटी घट्ट रोवलेला खांब धरून हळूहळू उकिडवे बसणे. हाड जुळल्याची क्ष-किरण खात्री झाल्याविना आपण जोर लावून गुडघा वाकवू नये.

टोरांटो येथील रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकापासून सशांवरील प्रयोगांत दाखवले, की सतत हळुवार हालचाल मिळालेल्या सांध्यातील कूर्चा अधिक चांगली भरते. त्यातून पाय हलवणारी यंत्रे निघाली. गुडघेबदलानंतर या यंत्राचा दीर्घकालीन लाभ नंतरच्या परीक्षणांत नगण्य ठरला. तेव्हा ते यंत्र घेण्याच्या खर्चात वैद्यांनी पडू नये. रुग्णाने स्वतः केलेली हालचाल त्याहून मोलाची.

शोथ व उष्णता ओसरली, व्रण पूर्ण रुजला, की स्नेह-स्वेदांचा काळ येतो. शुष्क काष्ठदेखील स्नेह-स्वेदांनी नमवता येते, हा चरकाचार्यांचा दृष्टांत आपल्याकडे बुरुडाच्या अंगणात रोज पाहावयास मिळतो. ओला बांबू सहज वळतो. वाळलेल्याला आच देत, थांबत थांबत वळवावे लागते, आणि घाई केली की तो तडकतो. तिळतेल, महानारायण वा सहचर तेलाचा हलका अभ्यंग, निर्गुडी व एरंडपत्रांची पोटली, मग लगेच, ऊब असतानाच, वीस ते तीस मिनिटे हलका पण सलग ताण. स्वेदन करून रुग्णास घरी पाठवणे म्हणजे बांबू तापवून तसाच ठेवून देणे. स्नायु-संधिगत वातात उपनाह व बंधन सांगितलेच आहेत. रात्री सरळ अवस्थेतील सैल उपनाह उपयोगी पडतो. मांडी वाळली असेल तर बलामूळ व दुधात शिजवलेल्या भाताचे पिंडस्वेदन करावे. साठ दिवसांत येणारा खरा षष्टिक येथे सहसा मिळत नाही; आपला हलका धान वापरण्यास हरकत नाही. मात्राबस्तीने वेदना व निद्रा सुधारते, आणि झोपलेला, कमी दुखणारा रुग्ण अधिक हालचाल करतो, इतका माझा अनुभव आहे.

काही निषेध स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मांडीच्या स्नायूस मोठा मार लागला असता पहिल्या आठवड्यांत जोराने चोळल्यास स्नायूतच हाड तयार होऊ शकते. पोटरी सुजलेली, दुखरी असेल तर मर्दन करू नये. शिरेतील गाठ सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. गुडघेबदलाच्या व्रणाच्या बाहेरील बाजूस त्वचेची संवेदना बहुधा कमी झालेली असते, त्यामुळे पोटलीचा चटका रुग्णास कळत नाही. उष्णता आधी आपल्या मनगटावर व नंतर त्याच्या दुसऱ्या पायावर पाहावी. कृत्रिम सांधा वा धातूची पट्टी असलेल्या गुडघ्यावर जलौका, अग्निकर्म व विद्धकर्म करू नये. जळवेच्या आतड्यात एरोमोनास जंतू असतात आणि धातूवर बसलेला जंतुसंसर्ग काढणे अतिशय कठीण असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना गुग्गुळकल्प देऊ नयेत.

शल्यचिकित्सकाकडे परत केव्हा पाठवावे

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या व जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी सांधाबदल केला, तेव्हा हे शस्त्रकर्म घरोघरी माहीत झाले. आज आपल्या तालुक्यांतही असे रुग्ण आहेत. गुडघेबदलानंतर सहा ते आठ आठवड्यांत ९० अंश आले नाहीत, तर भूल देऊन गुडघा मोकळा करण्यासाठी रुग्णास परत पाठवावे. बारा आठवड्यांनंतर या उपायाचे यश कमी होते व हाड मोडण्याचे भय वाढते. म्हणजे, 'आणखी एक महिना तेल लावून पाहू' असे म्हणणारा वैद्य रुग्णाची तेल लावण्याची नव्हे, उपचाराची वेळ खर्च करीत असतो. अस्थिबंध-शस्त्रकर्मानंतर पाय पूर्ण सरळ होत नसेल व शेवटी 'कट्' असा अडथळा लागत असेल, तर दुर्बिणीद्वारे गाठ काढणे हाच मार्ग. लाल, तप्त गुडघा व ताप असल्यास त्याच दिवशी पाठवावे. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने प्रत्येकास नागपूरच गाठावे लागते असे नाही. सोबत अंशांची आठवडेवार नोंद दिली, तर आपले पत्र तेथे गांभीर्याने वाचले जाते.

द्रव्यांविषयी, विशेषतः औषधालयचालकांसाठी

लाक्षादि गुग्गुळात लाक्षा, अस्थिसंहारी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ ही द्रव्ये आहेत. ती अस्थिसंधानाची आहेत. बनारस हिंदू विश्वविद्यालयात उडुपा व प्रसाद यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात हाडजोडीवर केलेले प्रयोगही अस्थिभग्न जुळण्याविषयीचे आहेत. हाड जुळलेले असून गुडघा केवळ आखडला आहे, अशा रुग्णास महिनोन् महिने लाक्षादि गुग्गुळ देण्यात मला अर्थ दिसत नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात ४४० रुग्णांवर २४ आठवडे आयुर्वेदीय कल्पांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना झाली व आयुर्वेदीय कल्प बरोबरीचे ठरले. हे आपल्या शास्त्राचे मोठे यश आहे. परंतु ते जानुगत संधिवाताच्या वेदनेविषयी आहे, शस्त्रकर्मोत्तर तंतूंविषयी नव्हे. शिवाय काही रुग्णांत यकृताच्या चाचणीतील आकडे वाढल्याची नोंदही त्यात आहे. 'आतील व्रणवस्तू विरघळवणारे' तेल वा गोळी म्हणून जे काही विक्रीस येते, ते दुकानात मांडण्यापूर्वी उत्पादकाकडे पुरावा मागावा.

मैदालकडीची साल आपल्या भागात लेपासाठी फार खपते आणि साल ओरबाडण्यामुळेच हे झाड जंगलातून कमी होत चालले आहे. सबंध खोडाची साल काढली की झाड वाळते. एका बाजूची, अरुंद पट्टीने काढलेली साल पुन्हा भरते. दलालाकडून आलेल्या मालात कोणती साल मिसळली आहे, हे वाळल्यावर ओळखणे अवघड जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेस २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा वनोपजाचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. औषधालयचालकांनी साल, हाडजोड व लाख अशा ग्रामसभांकडून थेट, झाड दाखवून व दर ठरवून घ्यावी. हाडजोडीसाठी तर तेवढेही करावे लागत नाही. कांडे कुंपणाला लावले की पावसाळ्यात वेल धरतो.